एका घराचे दोन आयडी

काकांवर माझा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी "अगं, पण त्यांचीही काही बाजू असेल" असं म्हणायला नको. असेल बाजू. त्यांनी ती लिहावी, त्यांना वेळ भरपूर आहे.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मी बारावीत असताना वडील गेले आणि वर्षाच्या आत घराच्या मधोमध चिऱ्यांची भिंत उभी राहिली. समुद्राकडची बाजू काकांना, माडांकडची आम्हाला. काकांनी आपल्या बाजूला चार खोल्या काढल्या, टाइल्स लावल्या, गीझर बसवले आणि पर्यटक ठेवायला लागले. आईने आमच्या बाजूच्या दोन खोल्यांना चुना काढला, नवीन गाद्या भरून घेतल्या आणि तीही पर्यटक ठेवायला लागली. गीझर नव्हता, पण तिरफळं घातलेलं तिच्या हातचं बांगड्याचं तिखलं होतं, आणि ते खाऊन गेलेला माणूस परत यायचा. काकांच्या घशात नेमकं तेच अडकलेलं होतं.

कुडाळला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून, वर्षभर कोल्हापुरात नोकरी करून मी परत आले, ती आई एकटी होती म्हणून. काकांनी तोवर मालवणच्या बाजारात, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर ऑफिस थाटलं होतं. दोन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर आणि काकांची फिरती खुर्ची. किनाऱ्यावर ज्यांची घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे अशा सगळ्यांची मिळून एक वेबसाइट ते चालवत होते. म्हणजे मी चालवत होते. काकांना कॉम्प्युटर सुरू आणि बंद करणं आणि मेल वाचणं एवढंच यायचं, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता.

साइटवर प्रत्येक घराचं एक कार्ड होतं. वर फोटो, खाली खोल्यांची माहिती, फोन नंबर आणि एक हिरवं बटण. बटण दाबलं, नाव-तारीख भरली की बुकिंग झालं. पाहुण्याला आपोआप मेल जायची आणि तिची एक प्रत ऑफिसच्या मेलमध्ये यायची. आईचं कार्ड नव्हतं. काकांच्या कार्डाच्या तळाला एक ओळ होती, "अधिक दोन खोल्या उपलब्ध". फोन काकांना जायचा, काका आधी आपल्या चार खोल्या भरायचे आणि उरलीसुरली माणसं भिंतीपलीकडे ढकलायचे. तेही आईने सोसलं असतं. पण एकदा एका पाहुणीने जेवण आवडलं म्हणून आईच्या हातावर पन्नासची नोट ठेवली आणि म्हणाली, मावशी, तुमच्या मालकांना सांगा, स्वयंपाकाची बाई फार चांगली ठेवलीय. चौकशी केली तेव्हा कळलं की काका सगळ्यांना तेच सांगत होते. पलीकडच्या खोल्याही आमच्याच, तिथे एक बाई आहे कामाला.

आईने ती नोट देवापुढे ठेवली आणि दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, साइटवर माझ्या खोल्या वेगळ्या दाखव, माझा नंबर घाल. तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

मी काकांना सांगितलं, आईचं कार्ड वेगळं होत नसेल तर मी कोल्हापूरला परत जाते. तेवढ्या पगारात तेवढं काम करणारं दुसरं कुणी त्यांना मालवणात मिळालं नसतं, म्हणून तयार झाले. पण सरळ हो म्हणतील तर ते काका कसले. कार्डावर नाव "धाकटं घर" असंच हवं, आणि त्यांच्या कार्डावर "थोरलं घर". म्हणजे वेगळं झालो तरी कोण कोणाचं कोण, हे जगाला कळलं पाहिजे. मी म्हटलं, ठीक. नंबर तरी आईचा आहे ना.

आता इथे मला माझ्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण पुढचा सगळा तमाशा त्यातूनच झाला.

वेबपानावरची कुठली गोष्ट कशी दिसावी हे एका वेगळ्या फाइलीत लिहितात, तिला स्टाइलशीट म्हणतात. कुठल्या गोष्टीबद्दल बोलतोय, हे सांगणारं जे वर्णन असतं तो सिलेक्टर. आमच्याकडे एखादीचं नाव न घेता तिच्याबद्दल बोलतात ना, बाई, चष्मेवाली, खालच्या वाडीतली, तसंच. ही सगळी वर्णनं मिळून माणूस एकच. पण "खालच्या वाडीतल्या बाईच्या घरातली चष्मेवाली" म्हटलं की माणसं दोन झाली, एक घरवाली आणि एक तिच्या घरातली. स्टाइलशीटमध्ये हा फरक एका रिकाम्या जागेचा असतो. तुकडे एकमेकांना चिकटवून लिहिले तर ते एकाच गोष्टीचे, मध्ये जागा सोडली तर एकाच्या आत दुसरं.

तुकडे तीन जातींचे असतात असं धरून चाला. टॅग म्हणजे ती गोष्ट मुळात काय आहे, चौकट की फोटो की बटण. तो एकच असू शकतो. क्लास म्हणजे गुण, ते हवे तेवढे लावा. आणि आयडी म्हणजे शिक्का. एका पानावर एक आयडी एकाच गोष्टीला, आणि एका गोष्टीला आयडी एकच.

ही स्टाइलशीट हाताने लिहिताना तेच तेच दहादा लिहावं लागतं. म्हणून मी त्या वर्षी, म्हणजे २०१० साली, प्रिप्रोसेसर वापरायला लागले होते. आपण थोडक्यात लिहून द्यायचं आणि तो ब्राउझरला कळेल अशी पूर्ण फाइल तयार करून बाहेर काढतो. त्याची एक गोष्ट मला फार आवडायची. तो सिलेक्टर म्हणजे अक्षरांची एक लांब माळ असं मानत नाही. आधी रिकाम्या जागांवर तोडून त्याचे गठ्ठे करतो, मग प्रत्येक गठ्ठ्यातले तुकडे सुटे करून त्यांची यादी ठेवतो. हा टॅग, हा आयडी, हे दोन क्लास. त्यामुळे त्याला सांगता येतं की अमक्या वर्णनाला तमक्या क्लासचं सगळं लागू कर. मग तो जिथे जिथे तो क्लास असलेला गठ्ठा दिसेल तिथे थांबतो, तो क्लास बाजूला काढतो, त्याच्या जागी अमक्याचे तुकडे घालतो, दोनदा आलेला तुकडा एकदाच ठेवतो, आणि तयार झालेलं नवं वर्णन जुन्याच्या शेजारी स्वल्पविराम देऊन लिहितो. जुनं मोडत नाही, नवं जोडतं. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, आमच्या गावात वाटण्या करणाऱ्या तलाठ्याला एवढी अक्कल असती तर.

आणि जोडता येत नसेल तर? म्हणजे तुकडे एकत्र करताना दोन वेगळे टॅग समोर आले, किंवा दोन वेगळे आयडी आले, तर? तर तो म्हणतो, अशी गोष्ट जगात असूच शकत नाही, आणि ते वर्णन लिहितच नाही. त्या वेळी माझ्याकडे होता तो प्रिप्रोसेसर याबद्दल अवाक्षर काढायचा नाही. मूग गिळून पुढच्या ओळीकडे जायचा. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

काका माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघायचे. त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं की आयडी म्हणजे शिक्का, आणि तो शब्द त्यांना भलताच आवडला. प्रत्येक नियमाच्या सुरुवातीला घराचा आयडी आलाच पाहिजे, हा त्यांचा हुकूम. "घराक नाव एकच आसता," ते म्हणायचे, "ता आधी लिवचा, मग बाकीचा." मी एकदोनदा समजावलं की सगळ्या घरांना सारखी लागणारी गोष्ट क्लासवर लिहावी, नुसत्या गुणावर, घराचं नाव मध्ये आणू नये. त्यांना वाटलं मी त्यांचं नाव खोडतेय. नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसाशी मी किती वाद घालणार? लिहिलं आयडी लावून.

तसाच लिहिलेला एक नियम होता गावपळणीचा.

आमच्या गावात दर काही वर्षांनी गावपळण होते. देवाने कौल दिला की सगळा गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं घेऊन वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस तीन रात्री झोपड्या घालून राहतो. गावात चिटपाखरू राहत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा, देव हो म्हणाला तर परतायचं. साहजिकच त्या दिवसांत गावातल्या घराचं बुकिंग चालू असून चालणार नाही. साइटवर आमच्या गावातलं कार्ड एकच होतं, काकांचं, म्हणून मी नियम लिहिला होता तो असा: आयडी थोरलं घर, त्याला चिकटून क्लास बंद, असं जे कार्ड असेल ते करडं दिसावं आणि त्याच्या आतलं हिरवं बटण नाहीसं व्हावं. आईच्या खोल्या तेव्हा त्याच कार्डात होत्या, त्यामुळे त्याही आपोआप झाकल्या जात होत्या.

आईचं कार्ड वेगळं केलं तेव्हा मी एक ओळ लिहिली. आयडी धाकटं घर, त्याला चिकटून क्लास गावपळण, याला बंदचं सगळं लागू. लिहिताना मला छान वाटलं होतं, एका ओळीत काम झालं म्हणून.

दिवाळीच्या आधी एका सोमवारी आई बाजाराला आली तेव्हा जिना चढून ऑफिसात आली, आपलं कार्ड बघायला. काका नव्हते. तिने फोटो बघितला, नंबर बघितला, तोंडातल्या तोंडात आकडे वाचले आणि पदराने डोळे पुसले. मी उत्साहात म्हटलं, थांब, गावपळणीला ते कसं बंद होतं तेही दाखवते. आणि क्लास लावायला हात पुढे केला.

"देवान अजून कौल दिल्यान नाय," आई म्हणाली, "आणि तू गाव बंद करून बघतंस?"

आमच्या गावात कौल व्हायच्या आधी गावपळणीचं कुणी गाठोडंसुद्धा बांधत नाही. तारखेची चर्चा करत नाहीत, झोपडीसाठी माडाची झापं विणायला घेत नाहीत. ते देवाच्या वरताण करणं झालं. बाहेरच्या माणसाला हसू येईल की कॉम्प्युटरवर दोन मिनिटं कार्ड करडं करून बघण्याने देवाचं काय बिघडणार. मला नाही आलं हसू. खोटं कशाला बोलू, माझाही हात आखडला होता. मी ते तसंच ठेवलं. पण प्रिप्रोसेसरने बाहेर काढलेली फाइल नुसती उघडून वाचायला देवाची काही हरकत नव्हती. वाचली असती तर दिसलं असतं की त्या ओळीतून काहीच आलेलं नाही. ती मी वाचली नाही.

तुळशीची लग्नं झाली आणि कौल झाला. काका मानकऱ्यांपैकी, त्यामुळे तारखा त्यांनीच घरी येऊन सांगितल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात जाऊन दोन्ही कार्डांना आपापले क्लास लावले. पान उघडलं. वरचं, थोरल्या घराचं कार्ड करडं झालं होतं, बटण गेलं होतं. खाली सरकून आईचं बघणार तोच लोडशेडिंगची वेळ झाली, आणि इन्व्हर्टर काकांनी झोपडीत दिवा लावायला म्हणून आदल्या दिवशीच घरी नेलेला. मी म्हटलं, एक झालं म्हणजे दुसरंही झालं असणार. घरी अकरा कोंबड्या टोपलीत घालायच्या होत्या. ऑफिसला दोन दिवसांनी काका स्वतः कुलूप लावणार होते.

गावपळणीचा दुसरा दिवस होता, दुपार. खाडीच्या कडेला झोपड्यांची ओळ, आमच्या झोपडीला लागून काकांची, कारण तिथेही वाटणी शेजारचीच. वेशीवर बसलेली माणसं एका कुटुंबाला घेऊन आमच्या दारात आली. नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. बेळगावहून आंबोली घाट उतरून गाडीने आले होते. नवऱ्याच्या हातात साइटवरून आलेल्या मेलचा छापील कागद होता. धाकटं घर, एक खोली, दोन रात्री. गावात गेले तर सगळी घरं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. म्हातारी घाबरून रडायला लागली होती. आईच्या मोबाइलवर सात वेळा फोन केला होता, पण खाडीच्या कडेला रेंज कुठली.

तो माणूस तोंडाला येईल ते बोलला. फसवेगिरी म्हणाला, लुटारू म्हणाला. आई हात जोडून उभी. मी कागद बघत होते आणि मला काही सुधरत नव्हतं. तेवढ्यात काका शेजारच्या झोपडीतून बाहेर आले, चांगले सावकाश, पंचा खांद्यावर टाकत. गोळा झालेल्या गावाकडे तोंड करून आईला म्हणाले,

"वेगळी चूल मांडलास, आता पावणे पण वेगळेच सांभाळा."

कुणीतरी हसलं. आईने वर बघितलं नाही. तिने त्या म्हातारीचा हात धरला, तिला आमच्या झोपडीत नेऊन बसवलं आणि गुडघ्याला गरम तेल लावून दिलं. संध्याकाळी त्यांना जेवायला वाढलं. रात्री ते तिघं आमच्या झोपडीत झोपले, आईने आपली गोधडी म्हातारीला दिली आणि आम्ही दोघी माडाखाली चटई टाकून पडलो. सकाळी मी मालवणात ओळखीच्या घरी त्यांची सोय करून दिली. जाताना तो माणूस आमच्याशी बोलला नाही. गाव मात्र तीन दिवस दुसरं काही बोललं नाही.

परत गावात आल्यावर काकांचा पहिला हुकूम ठरलेलाच होता. धाकट्या घराचं कार्ड काढ, खोल्या पूर्वीसारख्या माझ्यात घे, साइटची बदनामी मला परवडणार नाही. मी म्हटलं, आधी काय झालं ते बघू दे.

बघायला पाच मिनिटं लागली. बाहेर पडलेली फाइल उघडली, त्यात थोरलं घर आणि बंद एवढाच नियम होता, त्याच्या शेजारी स्वल्पविराम नव्हता, काही नव्हतं. प्रिप्रोसेसरने माझी ओळ वाचली, अख्ख्या फाइलीत बंद हा क्लास शोधला, तो एकाच गठ्ठ्यात सापडला आणि त्या गठ्ठ्यात काकांचा आयडी बसलेला. बंद बाजूला काढून त्याने आईचा आयडी आणि गावपळण आत घातले. झालं काय? जे एकाच वेळी थोरलं घरही आहे आणि धाकटं घरही आहे असं कार्ड. असं कार्ड असू शकत नाही, म्हणून त्याने ते टाकून दिलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. नियम मुळात नुसत्या बंदवर असता, कुणाच्या नावाविना, तर आईचं कार्ड बिनबोभाट झाकलं गेलं असतं. मी काकांचा आयडी खोडला, फाइल पुन्हा काढली आणि वाचली. आता बंद, स्वल्पविराम, धाकटं घर आणि गावपळण असं नीट आलं होतं.

मग ते बुकिंग कधी झालं हे बघायला ऑफिसची मेल उघडली. न वाचलेली मेल ठळक अक्षरात दिसते. चार दिवसांच्या सगळ्या मेल ठळक होत्या. बेळगावच्या बुकिंगची नव्हती. ती आम्ही गाव सोडायच्या आदल्या संध्याकाळी आली होती, आणि त्या संध्याकाळी ऑफिसात एकटे काका होते.

काका समोरच बसले होते, वर्तमानपत्र वाचत. मी विचारलं, ही मेल तुम्ही वाचली होती?

"वाचली होती," काका म्हणाले. अंगावर आलं की ते पुस्तकी मराठी बोलायचे. "तुमचं कार्ड वेगळं, तुमचं गिऱ्हाईक वेगळं. मी मध्ये कशाला पडू?"

एक फोन करायचा होता त्यांना. मेलमध्ये त्या माणसाचा नंबर होता. नाहीतर रात्री भिंतीवरून हाक मारून आईला सांगायचं होतं. ती म्हातारी बंद गावात, बंद दारासमोर रडणार हे ज्याला दोन दिवस आधीपासून ठाऊक होतं, तो माणूस त्या दुपारी पंचा खांद्यावर टाकून सावकाश बाहेर आला होता. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. सगळं खरं होतं आणि सगळं वाया गेलं. ते पेपर वाचत राहिले.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती आता तरी पेटून उठेल, पलीकडे जाऊन दार ठोठावेल. ती मासे साफ करत होती. ऐकून घेतलं, विळीवरचा हात थांबवला नाही.

"तेनी वाचल्यान, ह्या खरा," ती म्हणाली. "पण लिवल्यान कोणी?"

मी आयडीचं सांगायला लागले, काकांनीच तसं लिहायला लावलं होतं, तूच मला करून बघू दिलं नाहीस, लाइट गेली. ती फक्त म्हणाली, त्या आजीची शपथ घेऊन सांग, बघितलं होतंस का तू? मी म्हटलं, नाही. काढ माझं कार्ड, आई म्हणाली, मला नको पुन्हा असं कुणी दारात.

दुसऱ्या दिवशी मी ते माझ्या हाताने काढलं. काकांच्या कार्डाच्या तळाला पुन्हा ती ओळ आली, "अधिक दोन खोल्या उपलब्ध". आणि मी त्या ऑफिसात जात राहिले. हे लिहायला मला लाज वाटते, पण जात राहिले. रोज सकाळी जिना चढायचा, काकांच्या समोर बसायचं, दिवसभरात चार शब्द बोलायचे. आई पूर्वीसारखी भिंतीपलीकडून येतील ती माणसं जेवू घालायला लागली. कोणाचं कोण आहे हे ती कुणाला सांगायची नाही आणि कुणी विचारायचंही नाही. काकांचा आवाज मात्र त्या दिवसांत भलता गोड झाला होता. मला चहा विचारायचे.

नाताळच्या आधीचा आठवडा म्हणजे फोनला उसंत नसते. असाच एक फोन मी उचलला. काका समोर खुर्चीत. पलीकडून एक माणूस म्हणाला, बेळगावहून बोलतोय, मागे गावपळणीत आलो होतो. मला वाटलं आता पुन्हा शिव्या. तो जरा अडखळत म्हणाला की तेव्हा आपण फार बोललो, आईला आमच्या ते आवडलं नाही. ती रोज त्या बाईंची आठवण काढते, ज्यांनी आपली गोधडी दिली. आता पंधरा दिवस राहायला यायचं म्हणते, पण त्यांच्याकडेच. नंबराचा तो कागद रागात फाडून टाकला होता, साइटवर दोन दिवस शोधतोय, ते घरच सापडत नाही. थोरलं घर म्हणून आहे, तिथे विचारलं तर एक गृहस्थ म्हणाले, आमचंच आहे, पाठवा माणसं, ती बाई आमच्याकडे कामाला असते.

मी काकांकडे बघितलं. त्यांना पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण माझं तोंड बघून त्यांनी पेपर खाली ठेवला.

मी म्हटलं, ती बाई कुणाकडे कामाला नाही. ती त्या घराची मालकीण आहे आणि मी तिची मुलगी. तिचा नंबर लिहून घ्या. आणि मी तो एक एक आकडा सांगितला, मोठ्याने, समोर बघत. काका खुर्चीतून अर्धे उठले. "ऑफिसच्या फोनवरून?" म्हणाले.

पलीकडचा माणूस म्हणाला, नंबर लिहिला, आता नाव सांगा, कुणाच्या नावाने लिहू?

साइटवर ते घर धाकटं होतं. गावात ती आमच्या वडिलांची बायको आणि काकांची भावजय होती, पाहुण्यांना मावशी आणि काकांच्या तोंडी ती बाई. त्या ऑफिसात तिचं नाव आजवर कुणी उच्चारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी ते उच्चारलं, नुसतं तिचं नाव, पुढे-मागे कुणाचं काही न लावता. त्याने पलीकडे ते पुन्हा म्हणून बघितलं, आणि मी म्हटलं, हो, एवढंच.